तळघर की रस्ता? हॅम्बुर्ग १९४३ आणि हवाई हल्ल्यात सापडलेली माणसं

दगडी_पाटी (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीवर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात विमानं, टनांचे आकडे आणि सेनापतींची भांडणं भरपूर असतात. जमिनीवरच्या माणसाला काय करायला सांगितलं होतं, आणि त्यातलं नेमकं काय अंगाशी आलं, यावर फार थोडं. म्हणून हा धागा. सुरुवात हॅम्बुर्गपासून, कारण 'भोंगा वाजला की तळघरात जा आणि धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत बाहेर पडू नका' हा नियम तिथे एका रात्रीत उलटला.

२४ जुलै ते ३ ऑगस्ट १९४३ ही मोहीम चालली. नाव 'गोमोरा'. ब्रिटिशांचे चार मोठे हल्ले रात्री, अमेरिकनांचे दोन दिवसाढवळ्या. पहिल्या रात्री ७९१ विमानं निघाली आणि जर्मन रडार आंधळं करायला ॲल्युमिनियमच्या चकचकीत पट्ट्या पहिल्यांदा वापरल्या गेल्या. पट्टीची लांबी सुमारे २७ सेंटिमीटर, म्हणजे त्या रडारच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मी. तोफांना आणि रात्रीच्या लढाऊ विमानांना लक्ष्यच सापडेना.

माणसं मेली ती मुख्यतः दुसऱ्या मोठ्या हल्ल्यात, २७-२८ जुलैच्या रात्री. ७८७ विमानं, २,३०० टनांच्या आसपास बॉम्ब. मारा पडला पूर्वेकडच्या हामरब्रूक, हाम, बोर्गफेल्डे, रोटेनबुर्ग्सऑर्ट या भागांवर. दाट कामगारवस्ती, पाच-सहा मजली घरं एकमेकांना चिकटलेली, मागच्या अंगणातही घरंच. त्या संध्याकाळी पारा ३० अंशांच्या आसपास, हवा कोरडी, पाऊस नाही. अग्निशमन दलाचा मोठा भाग पश्चिमेकडच्या आधीच्या आगींवर गुंतलेला. ४,००० पौंडी बॉम्बच्या दणक्याने कौलं आणि खिडक्या उडाल्या, ४ पौंडी आगलावे बॉम्ब माळ्यांवरच्या लाकडात पडले. पहिला बॉम्ब रात्री एकच्या सुमाराला पडला, आणि अर्ध्या तासात वेगवेगळ्या आगी उरल्याच नाहीत, सगळ्या वस्तीची एकच आग झाली.

इथे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. वाऱ्याबरोबर पुढे सरकणारी आग वेगळी. तिला एक तोंड असतं, तिच्यापासून आडव्या दिशेला पळता येतं. हॅम्बुर्गला आग जागेवर उभी राहिली. मधली तापलेली हवा वर गेली आणि तिची जागा घ्यायला चारी बाजूंनी वारा आत धावला, वादळाच्या वेगाने, झाडं उन्मळून पाडत. रस्तेच त्या भट्टीचे भाते झाले.

तळघरात बसलेल्यांना यातलं काही दिसत नव्हतं. बॉम्ब पडायचे थांबले, आवाज कमी झाला, भिंती शाबूत होत्या. नियमाप्रमाणे ते बसून राहिले. सगळ्या मोहिमेत मिळून सुमारे ३७ ते ४० हजार माणसं गेली, बहुतेक याच रात्री. त्यातली फार मोठी संख्या स्फोटाने नव्हे, तर तळघरातल्या विषारी हवेने आणि उष्णतेने.

रानजाई

महत्त्वाचा धागा. हवेचं गणित मांडते, कारण सगळं तिथेच अडतं.

तळघरात माणूस तीन प्रकारे मरतो आणि तिन्हींची घड्याळं वेगळी चालतात.

पहिलं घड्याळ स्वतःच्या श्वासाचं. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ३० घनमीटरच्या बंद खोलीत ३० जण बसले तर माणशी १ घनमीटर, म्हणजे १,००० लिटर हवा. दीड तासात प्रमाण ३ टक्क्यांवर जातं, डोकं ठणकायला लागतं, श्वास जोरात चालतो. अडीच तासांत ५ टक्के. शिवाय प्रत्येक शरीर साधारण १०० वॅट उष्णता टाकतं, तीस जणांची ३ किलोवॅट. ब्रिटिश सरकारच्या १९३८च्या पत्रकात १० फूट लांब, १० फूट रुंद, ८ फूट उंच खोलीत पाच माणसं बारा तास, असा हिशेब दिला होता. तो या आकड्यांशी बऱ्यापैकी जुळतो, कारण खरी खोली फटींतून थोडी श्वास घेतच असते.

पण बाहेर आग असली की त्याच फटी जीव घेतात. दुसरं घड्याळ कार्बन मोनॉक्साइडचं. वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त घट्ट धरतं. हवेत ०.१ टक्का असला तर तासा-दोन तासांत शुद्ध जाते, १ टक्का असला तर काही मिनिटांत. आधी गुंगी येते आणि पायातलं बळ जातं, म्हणून धोका कळेपर्यंत उठवतच नाही. बाकांवर रांगेत, झोपल्यासारखी सापडलेली माणसं ही याची खूण.

तिसरं घड्याळ भिंतींचं. जाड विटांची भिंत तापायला वेळ घेते, पण तापली की तासन्‌तास उष्णता आत ओतत राहते. हॅम्बुर्गची काही तळघरं कित्येक दिवस उघडता आली नाहीत. दार उघडून ताजी हवा आत गेली की आतला कोळसा पुन्हा पेट घ्यायचा.

आणि तो कोळसा तिथे होताच. हिवाळ्यासाठी साठवलेला कोळसा आणि कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन) बहुतेक घरांच्या तळघरातच असे. २९-३० जुलैच्या रात्री बार्मबेक भागात एका मोठ्या दुकानाच्या निवाऱ्यात ३७० माणसं गेली. छत कोसळलं म्हणून नाही, पेटलेल्या कोकच्या वायूने.

पाऊलवाट

एक प्रश्न. जर्मनीत शेजारशेजारच्या तळघरांमधल्या भिंती पातळ करून ठेवत, म्हणजे घर पडलं तर भिंत फोडून पलीकडे जाता येईल. मग ती सोय वापरून माणसं का निसटली नाहीत?

दगडी_पाटी

@पाऊलवाट, ती सोय एक घर पडेल या हिशेबाने केलेली होती. एक-दोन घरं पडली, पलीकडची उभी असली, तर ती उत्तम चालते. सगळा रस्ता पेटला तर प्रत्येक फोडलेल्या भिंतीतून माणसं पलीकडे जातात तसा धूरही जातो. पळणारे शेवटी एकाच तळघरात गोळा होतात आणि तिथली हवा आणखी लवकर संपते. १३-१४ फेब्रुवारी १९४५ला ड्रेस्डेनमध्ये असंच घडलं. तिथे तर सार्वजनिक काँक्रीटचे बंकर जवळजवळ नव्हतेच, भिस्त जोडलेल्या तळघरांवर. पहिला हल्ला रात्री दहानंतर, दुसरा तीनेक तासांनी. मधल्या वेळेत बाहेर पडलेले आणि मदतीला धावलेले दुसऱ्यात सापडले. मृतांचा आकडा इतिहासकारांच्या आयोगाने २०१०मध्ये जास्तीत जास्त २५,००० असा दिला. लाख-दोन लाखांचे आकडे आधी नाझी प्रचाराने पसरवले होते. कृपया या धाग्यात ते पुन्हा आणू नका.

हॅम्बुर्गला वाचले कोण? जे लवकर निघाले ते. बॉम्ब पडत असतानाच किंवा पहिल्या काही मिनिटांत, ओल्या घोंगड्या पांघरून, कालव्यांकडे किंवा मोकळ्या मैदानांकडे गेलेले. नंतर निघालेल्यांना वाऱ्याने उचलून आगीत ओढलं, डांबर वितळून पाय रुतले. काँक्रीटच्या उंच बंकरांतले लोक मोठ्या प्रमाणात वाचले, ते मात्र वेगळ्या कारणाने. जाड भिंती, खिडक्या नाहीत, वायुबंद दारं आणि बाहेरची हवा बंद करता येणारी यंत्रणा. पण असे बंकर लोकसंख्येच्या मानाने थोडे होते.

२८ जुलैनंतर दहा लाखांच्या आसपास लोक शहर सोडून गेले. त्यानंतरचा हल्लाही ७७७ विमानांचा होता, पण मृत्यू त्यामानाने फारच कमी. त्यामागे शहर रिकामं होणं हे मोठं कारण आहे.

स्थापत्यवेडा

ब्रिटिशांच्या दोन निवाऱ्यांबद्दल लिहितो, कारण त्यांनी वेगळा मार्ग धरला. माणसं एका मोठ्या तळघरात कोंबण्याऐवजी घरोघरी विखुरली.

अँडरसन निवारा: ज्या सर जॉन अँडरसनांचं नाव त्याला मिळालं ते १९३२ ते १९३७ बंगालचे गव्हर्नर होते. नागमोडी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या सहा वाकवलेल्या पट्ट्या माथ्यावर बोल्टने जोडायच्या, दोन्ही टोकांना सपाट पत्रे. उंची ६ फूट, रुंदी साडेचार, लांबी साडेसहा, माणसं सहा. चार फूट खड्ड्यात पुरायचा आणि वर किमान १५ इंच माती. सगळी मदार मातीवर, पत्रा फक्त मातीला आकार देतो. वर्षाला २५० पौंडांखाली उत्पन्न असलेल्यांना फुकट, बाकीच्यांना ७ पौंड. युद्ध संपेपर्यंत सुमारे ३६ लाख वाटले गेले. हा अगदी जवळ पडलेल्या बॉम्बनेही सहसा चिरडत नसे. घरापासून वेगळा असल्याने घर पेटलं तरी आतला माणूस कोंडला जात नाही. दोष एकच आणि फार छळणारा: खड्ड्यात पाणी. हिवाळ्यात गुडघाभर पाणी साचलं की लोक घरातच झोपायला लागले, आणि न वापरलेला निवारा काय कामाचा?

शिवाय अंगण नसलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी मार्च १९४१मध्ये मॉरिसन निवारा आला. लोखंडी टेबलच तो. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच, वर ३ मिलिमीटरचा पोलादी पत्रा, बाजूंना तारेच्या जाळ्या, खाली पट्ट्यांची शेज. सुटे भाग ३५९, सोबत जोडणीची तीन हत्यारं. दिवसा वर जेवायचं, रात्री खाली झोपायचं.

यामागचं अभियंते जॉन बेकर यांचं डोकं मला फार मोलाचं वाटतं. निवारा अजिबात वाकू नये असा केला तर तो भयंकर जड होतो. बेकर म्हणाले वाकू द्या, पण ठरावीक इंचच. वरचा मजला कोसळला की पोलाद कायमचं वाकतं आणि त्या वाकण्यात कोसळण्याची सगळी शक्ती खर्च होते. माणसाच्या अंगावर येण्याआधी ते थांबलं की काम झालं. जबर नुकसान झालेल्या ४४ घरांची पाहणी झाली. त्यात निवाऱ्यात झोपलेल्या १३६ जणांपैकी ३ दगावले, १३ गंभीर जखमी. मृत्यू झाले ते थेट बॉम्ब पडलेल्या घरात, आणि गंभीर जखमींपैकी काहींचा निवारा चुकीच्या जागी ठेवलेला होता. तो तळमजल्यावरच ठेवायचा. वरच्या मजल्यावर ठेवला तर टेबल टिकतं, खालची जमीन जाते.

वाळूची_बादली

सगळे निवाऱ्यावर बोलताहेत. आग मोठी होऊच नये यासाठी काय होतं तेही यायला हवं.

जर्मनांचा १ किलोचा आगलावा बॉम्ब म्हणजे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची नळी, आत थर्माइट (प्रचंड उष्णतेने जळणारी भुकटी), साधारण दहा मिनिटं जळणारी. एकट्याने फार काही होत नाही. कौल फोडून माळ्यावर पडतो आणि कोणी पाहिलाच नाही तर घर जातं. म्हणजे प्रश्न पहिल्या काही मिनिटांचा.

साधन होतं रिकिबीसारखी पायपट्टी असलेला हातपंप. पंप बादलीत, पायपट्टी बाहेर जमिनीवर, तिच्यावर पाय दाबून दांडा मारायचा. होज ३० फूट. एक पंपावर, एक पोटावर सरपटत होजचं तोंड धरून, तिसरा बादल्या आणायला. मिनिटाला साधारण दीड गॅलन पाणी. तोंडाला दोन सोयी: धार आणि फवारा. जळणाऱ्या धातूवर धार मारली की तो उसळून चौफेर उडतो, म्हणून बॉम्बवर फवारा आणि आजूबाजूच्या लाकडावर धार. फवाऱ्याने बॉम्ब विझत नाही, उलट भराभर जळून संपतो, तेच हवं असतं. वाळू चालते, पण ती फक्त झाकते. खाली लाकडी तक्तपोशी असेल तर बॉम्ब वाळूखालीच जळत खालच्या मजल्यावर उतरतो. म्हणून आधी वाळू टाकून फावड्याने वाळूच्या बादलीत उचलायचा, आणि बादलीच्या तळाशीही चार-पाच इंच वाळू ठेवायची. पुढे काही बॉम्बमध्ये स्फोटक घालायला लागले, तेव्हा जवळ जाण्याची ही रीत धोक्याची झाली.

२९ डिसेंबर १९४०, रविवारची रात्र, लंडनचा जुना व्यापारी भाग. कचेऱ्या आणि चर्च कुलूपबंद, माळ्यांवर कोणी नाही. मुख्य जलवाहिन्या फुटल्या, थेम्सला ओहोटी, पंपांच्या नळ्या चिखलात. १६०हून अधिक माणसं गेली, त्यात १४ अग्निशामक. सेंट पॉल कॅथीड्रल वाचलं, कारण तिथे छपरावर पहारा होता. लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी १९४१पासून, इमारतींवर रात्रीचा आगपहारा सक्तीचा झाला. आणखी एक अडचण होती: गावोगावच्या बंबांचे होज-जोड एकमेकांना लागत नसत. मदतीला आलेले बंब हायड्रंटसमोर (रस्त्यावरच्या बंबाच्या नळासमोर) नुसते उभे. ऑगस्ट १९४१मध्ये सगळी दलं एकत्र केली, चौकाचौकांत पाण्याच्या टाक्या बसवल्या, गटाराच्या कडेने ६ इंची पोलादी नळ जमिनीवरूनच टाकले.

उगवती

@वाळूची_बादली, याची दुसरी बाजू टोकियोत दिसते आणि ती वाचताना राग येतो.

जपानच्या हवाई संरक्षण कायद्यात १९४१च्या अखेरीस दुरुस्ती झाली. शहर सोडून जाण्यावर बंदी घालता येईल आणि आग विझवणं रहिवाशांचं कर्तव्य, न पाळल्यास शिक्षा. शेजारगटांना बादल्या, ओल्या चटया आणि काठीला बांधलेल्या चिंध्यांचे झोडपणे. घराच्या जमिनीखाली खड्डा खणून निवारा करा, म्हणजे लगेच वर येऊन विझवता येईल, असा सल्ला. लाकूड आणि कागदाच्या घराखाली खड्डा!

९-१० मार्च १९४५. २७९ विमानांनी १,६६५ टन बॉम्ब टाकले, बहुतेक चिकट पेट्रोलचे. बॉम्ब पडायला लागले बारा वाजून आठ मिनिटांनी, भोंगा झाला सव्वाबाराला. वारा जोराचा. ही आग हॅम्बुर्गसारखी जागेवर उभी राहिली नाही, वाऱ्यासोबत धावली. विझवायला थांबलेल्यांकडे निघायला वेळच उरला नाही. सुमिदा नदीवरच्या कोतोतोइ पुलावर दोन्ही काठांकडून माणसं समोरासमोर आली, कोणालाच पुढे जाता येईना, आणि ज्वाळा पुलावरून पार झाल्या. ४१ चौरस किलोमीटर जळालं, सुमारे एक लाख माणसं गेली.

एवढं होऊनही जपानच्याच आओमोरी शहरात त्याच वर्षी काय केलं? लोक शहर सोडून डोंगरात गेले म्हणून प्रशासनाने बजावलं, २८ जुलैपर्यंत परत या, नाहीतर रेशन बंद. लोक परतले. त्याच रात्री हल्ला झाला आणि हजाराच्या आसपास माणसं मेली. अमेरिकनांनी आदल्या दिवशी ज्या शहरांची नावं छापून पत्रकं टाकली होती, त्यांत आओमोरीही होतं.

नीतिशास्त्र_वाचक

तांत्रिक तपशील मोलाचा आहे, पण त्यात दोष मरणाऱ्यांच्या नियमावलीवर ढकलला जातोय असं वाटतं. मुळात शहरं जाळायचं ठरवलं कोणी?

दगडी_पाटी

@नीतिशास्त्र_वाचक, ठरवलं ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाने आणि हवाई खात्याने, आणि तेही अडचणीतून. ऑगस्ट १९४१च्या बट अहवालात विमानांनी काढलेल्या छायाचित्रांवरून दिसलं की लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचा दावा करणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचत होती. कारखाना सापडत नाही म्हणून १४ फेब्रुवारी १९४२च्या आदेशात शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः औद्योगिक कामगारांचं, मनोधैर्य हेच लक्ष्य ठरलं. ९ फेब्रुवारी १९४४ला बिशप जॉर्ज बेल यांनी ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात याविरुद्ध उघड भाषण केलं. त्याआधी गेर्निका, वॉर्सा, रॉटरडॅम, लंडन, कॉव्हेंट्री जर्मनांनीच केलं होतं, पण एकाने दुसऱ्याची परतफेड होत नाही. हामरब्रूकच्या तळघरात बायका, मुलं, म्हातारी माणसं होती.

कायदा तेव्हा तोकडाच होता. १९०७च्या हेग नियमांत असंरक्षित शहरांवर माऱ्याला बंदी, पण ते तोफांच्या काळातले. १९२३चे हवाई युद्धाचे नियम मसुद्यातच राहिले. एखाद्या शहरातली वेगवेगळी लक्ष्यं एकच समजून सरसकट मारा करणं स्पष्टपणे निषिद्ध झालं ते जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम ५१ने. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. यावर स्वतंत्र धागा काढाच.

निशिगंधा_प

एकही बॉम्ब न पडता निवाऱ्यात किती मरू शकतात याचं उदाहरण राहिलं. बेथनल ग्रीन, लंडन, ३ मार्च १९४३. बांधकाम अर्धवट राहिलेल्या भुयारी स्टेशनात उतरायला एकच प्रवेश, १९ पायऱ्या, मधे कठडा नाही, ब्लॅकआउटमुळे एक मंद दिवा, पाऊस पडून पायऱ्या ओल्या. जवळच्या बागेतून नव्या विमानविरोधी रॉकेटांचा अनोळखी आवाज झाला आणि गर्दी पुढे सरली. तळाशी एक बाई पडली, तिच्यावर मागचे. १७३ मेले, त्यात ६२ मुलं. प्रवेश सुधारायला स्थानिक प्रशासनाने आधीच मंजुरी मागितली होती, ती नाकारली गेली होती. दुर्घटनेनंतर मधला कठडा आणि पायऱ्यांच्या कडेला पांढरा रंग आला. गर्दी दोन ओळींत विभागायला मधला कठडा, हा खर्च किती असेल?

आपल्या माणसांबद्दलही एक नोंद. २३ डिसेंबर १९४१ला रंगूनवर जपान्यांनी बॉम्ब टाकले तेव्हा शेकडो लोक रस्त्यावर उभे राहून वर विमानांची लढाई बघत होते. माणसं मारण्यासाठीचे छोटे बॉम्ब जमिनीलगत आडव्या चिरफळ्या फेकतात. दोनेक हजार गेले, त्यात हिंदी मजूर बरेच. नुसतं गटारात आडवं पडलं असतं तरी पुष्कळ वाचले असते. एका वर्षाने कोलकात्यात मैदानात चर खणलेले होते. चर नेहमी नागमोडी खणतात, कारण सरळ असला तर एका टोकाला पडलेल्या बॉम्बचा दणका दुसऱ्या टोकापर्यंत जातो.

पाऊलवाट

७ मे २०२५च्या देशभरातल्या नागरी संरक्षण सरावानंतर आमच्या सोसायटीत 'बेसमेंट पार्किंग हाच निवारा' असं ठरलं आहे. या धाग्याच्या उजेडात ते बरोबर वाटतं का?

स्थापत्यवेडा

@पाऊलवाट, दणका आणि चिरफळ्यांपुरतं बरोबर, आगीपुरतं नाही. तिथे पेट्रोलच्या गाड्या आहेत, बहुधा जनरेटरचं डिझेलही. कोक तळघरात ठेवल्यासारखंच. शिवाय धूर काढणारे पंखे विजेवर चालतात आणि पहिल्यांदा जाते ती वीज.

ठरवायचंच असेल तर आधी हे पाहा. इमारतीतून न जाता थेट मोकळ्यावर निघणारी दुसरी वाट आहे का? गाड्यांचा उतार एकच असेल आणि जिनाही त्याच बाजूला उघडत असेल तर त्या दोन वाटा नव्हेत, एकच वाट मोजा. दोन्ही दारं आतून हाताने, चावीशिवाय उघडतात का? शटर विजेचं असेल तर हाताने वर करायची साखळी कोणाला माहीत आहे? सांडपाण्याचा पंप बंद पडला तर पावसाळ्यात पाणी किती तासांत चढतं? जनरेटरजवळच्या भागात माणसं बसवू नका. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा गजर बाजारात मिळतो, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला लावा.

हे जमत नसेल तर प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळची, बाहेरच्या बाजूने दोन भिंती आड येतील अशी बिनखिडकीची जागा बरी. युक्रेनमध्ये निवारा गाठता आला नाही तर हाच दोन भिंतींचा नियम पाळतात. पहिली भिंत मार खाते, दुसरी तिचे तुकडे अडवते. काचांवर कागदी पट्ट्या चिकटवण्यात वेळ घालवू नका, त्यांनी फारसं काही थांबत नाही. काचेला पूर्ण चिकटवलेलं कापड किंवा फिल्म तुकडे धरून ठेवते. आणि एका माणसावर ही जबाबदारी द्या, की तो दर काही मिनिटांनी वर जाऊन इमारत पेटली आहे का ते बघेल. पेटली असेल तर भोंग्याची वाट न बघता सगळ्यांना बाहेर काढायचं, आणि कुठल्या मैदानात जायचं ते आजच ठरवून ठेवायचं.